जुना हातातला गेम घेतलाय आणि चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"काका, हणजूणच्या बाजारात एक जुना गेम मिळालाय, फोटो पाठवतो, चालेल का बघा." असा निरोप मला महिन्यातून दोन-तीनदा येतोच. फोटो हमखास पुढून काढलेला असतो. मला बघायची असते मागची बाजू, सेलची खोली.

मी गोव्यात फोंड्याला राहतो. नोकरी बँकेत केली, इलेक्ट्रॉनिक्सचा कसलाही कागद माझ्याकडे नाही. बारा-तेरा वर्षे हे गेम उघडतोय आणि त्यातले पहिले दोन माझ्याच हातून गेले. फोनवर तेच तेच सांगून जीभ दमली, म्हणून हे एकदाचे लिहून ठेवले आहे.

'हातातला गेम' म्हणजे नेमके कोणते?

तीन जाती धरा.

पहिली, एकाच खेळासाठी बनवलेली यंत्रे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे 'गेम अँड वॉच', कॅसिओ आणि टायगरचे गेम, सोव्हिएत 'इलेक्ट्रॉनिका'. यांच्या काचेवर सगळ्या आकृत्या आधीच कोरलेल्या असतात, कॅल्क्युलेटरवरच्या ८ च्या आकड्यासारख्या. ज्या आकृतीला वीज मिळेल ती काळी दिसते, बाकीच्या दडून राहतात. कॅल्क्युलेटरशी हे नाते जन्माचेच आहे. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंनी बुलेट ट्रेनमध्ये एका कंटाळलेल्या नोकरदाराला कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेले पाहिले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. कॅल्क्युलेटरचे सुटे भाग तेव्हा स्वस्त झाले होते, तेच वापरून १९८० साली पहिला 'बॉल' हा गेम निघाला. ही मालिका १९९१ पर्यंत चालली. आज बहुतेक गेमच्या कंट्रोलरवर दिसणारे अधिकच्या चिन्हासारखे बटण याच मालिकेतल्या १९८२ च्या 'डाँकी काँग'मध्ये आले.

दुसरी जात ब्रिक गेम. '९९९९ इन १' असे छापलेला, विटा पाडायचा. नव्वदच्या दशकात शाळेत जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

तिसरी, काडतूस (ज्यात खेळ साठवलेला असतो ती सुटी डबी) घालून खेळ बदलायचे यंत्र, म्हणजे मुख्यतः निन्टेन्डोचाच १९८९ चा गेम बॉय.

गोव्यात हे सगळे आले कुठून? बरेचसे तारवट्यांच्या पेट्यांतून. जहाजावर नोकरी करणारी माणसे सिंगापूर, हाँगकाँगहून घड्याळे आणि टेपरेकॉर्डर आणायची, त्यात पोरांसाठी एखादा गेम असायचा. पुढे आखातातून आले. आणि मोरजी-हरमलकडे मुक्काम ठोकणाऱ्या रशियनांमुळे लांडग्याने अंडी झेलायचा सोव्हिएत गेम अधूनमधून बाजारात दिसतो. त्याच्यावर रशियन अक्षरे असतात. तो म्हणजे निन्टेन्डोच्या १९८१ च्या 'एग' या गेमची नक्कल, १९८४ पासून बनलेली. आत शार्पच्या चिपची सोव्हिएत नक्कल आहे. नक्कल म्हणून नाक मुरडू नका, माझ्याकडचा सगळ्यांत कणखर गेम तोच आहे.

बाजारात उभ्याउभ्या काय तपासायचे?

स्वतःचे सेल खिशात घेऊन जा: दोन एलआर ४४, दोन एलआर ४३ (हे दोन्ही गोल बटन सेल), चार पेन्सिल सेल. यात नव्वद टक्के गेम बसतात.

मग सेलचे झाकण उघडा. झाकणच नसेल तर भाव तिथेच उतरला पाहिजे. पट्ट्या चकचकीत आहेत की पांढऱ्या-हिरव्या? स्क्रूची डोकी घासलेली आहेत का? असतील तर आधी कुणीतरी हात मारून गेला आहे आणि आत काय करून ठेवले असेल ते देवालाच ठाऊक. स्क्रीन तिरकी धरा. उजेड घासून गेला की दडलेल्या आकृत्यांची फिकट छाया दिसते. ती दिसली तर काच बहुधा शाबूत आहे. आणि नाक लावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्याचा अर्थ पुढे सांगितला आहे.

एक आमच्याकडची खास अडचण. दुपारच्या उन्हात गॉगल घालून आपण बाजारात फिरतो आणि तसेच स्क्रीन बघतो. गॉगल पोलराइज्ड असेल तर ठरावीक कोनात अख्खी स्क्रीन काळी दिसते. एकाने याच कारणाने चांगला गेम परत ठेवला आणि त्याच्या मागून आलेल्या बहिणीने तो उचलला. गॉगल काढा. हडफड्याच्या रात्रीच्या बाजारात उलटे, तिथे मोबाइलचा टॉर्च लावा.

आणखी एक. निन्टेन्डोने २०२० आणि २०२१ मध्ये गेम अँड वॉच याच नावाने रंगीत पडद्याची नवी यंत्रे काढली. ती चांगली आहेत, पण जुनी नाहीत. बाजूला यूएसबी-सी चार्जिंगचे भोक दिसले की ऐंशीच्या दशकाच्या गोष्टी ऐकत बसू नका.

'फक्त सेल नाहीत, बाकी एकदम चालू आहे' असे विक्रेता म्हणतो. खरे मानावे का?

नाही. बिघडलेल्याचा भाव द्या. चालला तर जत्रेचा खाजा घ्या.

कोणता सेल घालायचा? दिसायला सगळे सारखेच.

एलआर ४४ आणि एलआर ४३ दोन्ही ११.६ मिलिमीटर रुंद. फरक जाडीचा: पहिला ५.४, दुसरा ४.२. खोलीत किंवा झाकणावर नाव छापलेले असते, ते वाचा. ४३ च्या जागी ४४ कोंबला तर पत्रा वाकतो आणि पुढे योग्य सेलही धरत नाही. ४४ च्या जागी ४३ घालून वर चांदीचा कागद दुमडून घालतात, तो सरकला की शॉर्ट.

सुरुवातीचे अक्षर 'एल' असेल तर अल्कलाइन, 'एस' असेल तर सिल्व्हर ऑक्साइड. परवडत असेल तर 'एस'वाला घ्या. त्याचा दाब शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतो, अल्कलाइनचा हळूहळू घसरतो आणि स्क्रीन फिकी पडत जाते. बऱ्याच जणांचे 'स्क्रीन गेली' हे दुखणे तिसऱ्या दर्जाच्या सेलचे निघते. मल्टिमीटर असेल तर लावा. नवा सेल दीड व्होल्टच्या खाली असेल तर तो दुकानातच म्हातारा झालाय.

आजोबांच्या कानयंत्रातला सेलही तंतोतंत बसतो. तो घालू नका. तो हवेवर चालतो, एकदा चिकटपट्टी काढली की काही आठवड्यांत आपोआप संपतो.

आणि दोन बटन सेलांच्या गेमला तीनच व्होल्ट लागतात. मोबाइलच्या चार्जरच्या तारा सोलून जोडू नका. असे कोण करतो विचाराल, तर पुतण्या.

सेल आतच फुटलेत. पांढरी पूड आणि हिरवट थर आहे. गेला का?

बहुतेक वेळा नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त हेच असते, म्हणून सविस्तर सांगतो.

अल्कलाइन आणि सिल्व्हर ऑक्साइड सेलांत पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड असते, म्हणजे तीव्र अल्क. ते बाहेर झिरपले की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून त्याची पांढरी पूड होते. हिरवे-निळे दिसते ते खाल्लेले तांबे. अल्काला आम्लाने मारायचे: व्हिनेगर किंवा लिंबू. कानातल्या कापसाच्या काडीचे टोक ओले करा, बुडवू नका, आणि डागावर फिरवा. थोडे फसफसेल. काडी बदलत राहा.

व्हिनेगर म्हटले की गोव्यात हात जातो तो माडाच्या व्हिनेगरच्या बाटलीकडे. ते सोरपोतेलासाठी ठेवा. त्यात गाळ आणि सुरेचे इतर घटक असतात, ते सर्किटवर चिकटून बसतात. दुकानातले साधे पांढरे घ्या.

आम्ल वापरले की ते तिथे सोडायचे नाही. डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हे अल्कोहोल ९९ टक्क्यांचे हवे. ते मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्यांकडे मिळते. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी बरेच असते. त्यानंतर एक दिवस उघडेच वाळू द्या, पावसाळा असेल तर दोन.

मग पट्ट्या. वरचा निकेलचा मुलामा शाबूत असेल तर शाई खोडायच्या खरखरीत रबराने घासून चमक येते. मुलामा गेला असेल आणि खाली गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर, आणि वर सोल्डरचा पातळ हात, जुनी माणसे ज्याला डाख म्हणत तो. तो दिला नाही तर आपल्या खाऱ्या हवेत महिन्याभरात परत गंज.

शेवटी तारा बघा, हे लोक विसरतात. अल्क तारेच्या रबरी आवरणाच्या आतून केशिकेसारखे वर चढते. टोक सोलल्यावर तांबे काळे दिसले तर त्यावर सोल्डर धरणारच नाही. अख्खी तार बदला, दोन इंचांची तर असते.

एक अपवाद. ब्रिक गेममध्ये घालायचो ते स्वस्त कार्बन-झिंकचे पेन्सिल सेल गळले तर ती गळती आम्लधर्मी असते. तिथे व्हिनेगर घालून काही होत नाही. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा, बाकी कृती तीच.

दोन्हीकडे हातमोजे, आणि डोळ्यांवर चष्मा. पूड फुंकून उडवायची नाही.

उघडायचा कसा? स्क्रू फिरतच नाही.

जपानी यंत्रांवरचे अधिकच्या आकाराचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स पान्याचे दिसतात, पण त्यांची खाच जपानी मापाची असते. फिलिप्स पाना त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर निसटतो आणि डोके घासतो. जेआयएस, म्हणजे त्याच जपानी मापाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर एकदाच विकत घ्या. गेम बॉयच्या पाठीला तीन पाकळ्यांचा लागतो, त्याच्या काडतुसाला ३.८ मिलिमीटरचा खास बिट.

पंखा बंद करा. चेष्टा नाही. यांच्यात डाळीच्या दाण्याएवढ्या स्प्रिंगा असतात. कागदावर गेमची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटवत जा. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात बसल्याचा बारीक 'टक' जाणवला की मग सुलटा. चाळीस वर्षांचे प्लास्टिक नवे आटे पाडून घेत नाही, फुटते.

आवाज येतो, पण आकृत्या अर्ध्याच दिसतात. लांडग्याला डोके नाही.

आवाज येतो म्हणजे मेंदू शाबूत आहे. निरोप काचेपर्यंत पोचत नाही.

काच आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची एक बारीक पट्टी असते. तिला झेब्रा म्हणतात, कारण तिच्यात कार्बनचा एक थर, साध्या रबराचा एक थर असे शेकडो पट्टे असतात. प्रत्येक काळा पट्टा एक तार. ना सोल्डर, ना जोड, नुसत्या दाबावर सगळे चालते. म्हणून तिथे जरा ओल, तेलकटपणा किंवा मिठाचा थर बसला की तेवढ्या आकृत्या गायब.

आधी न उघडता परीक्षा घ्या: स्क्रीनच्या कडेला अंगठ्याने हलका दाब द्या. डोके परत आले, दाब काढला की गेले, तर खात्री झाली. मग उघडून पट्टी चिमट्याने काढा, बोटाने नको. आयसोप्रोपिल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तिच्या दोन्ही कडा पुसा. सर्किटवरचे सोनेरी दात पुसा, काचेची कड पुसा. काचेच्या त्या कडेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या विजेच्या वाटा आहेत, म्हणून तिथे पॉलिश पेपर, रबर, ब्लेड काही नाही. पट्टी होती त्याच दिशेने, सरळ, न ताणता बसवा. तिरकी बसली तर आकृत्यांची अदलाबदल होते: अंडी पडतात आकाशातून आणि गुण मोजायच्या जागी कोंबडी.

मी हे पहिल्यांदा केले तेव्हा चार वेळा उघडबंद करावे लागले. चौथ्यांदा कळले की मी स्क्रू एका बाजूचे आधी पूर्ण आवळत होतो. समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

दोन पडद्यांच्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या गेममध्ये बिजागरीतून जाणारी चपटी रिबन असते आणि ती उष्णतेने चिकटवलेली असते. ती तुटली असेल तर नवशिक्याने हात लावू नये. मीही टाळतो.

स्क्रीन पिवळी, धुरकट झाली आहे, आणि आंबट वास येतो.

हा पोलरायझरचा रोग. काचेच्या पुढे आणि मागे पोलराइज करणारी एकेक फिल्म असते. दोन्ही नसतील तर आकृती तयार होऊनही डोळ्यांना दिसत नाही. या फिल्मचे बाहेरचे थर सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे. ऊब आणि दमट हवा मिळाली की ते कुजतात आणि अ‍ॅसेटिक आम्ल सोडतात, म्हणजे व्हिनेगरच. जुन्या सिनेमाच्या रिळांना होतो तोच आजार. पत्र्याच्या माळ्यावर वीस पावसाळे काढलेल्या गेमला तो झाला नाही तर नवल.

चांगली गोष्ट अशी की खालची काच सहसा ठणठणीत असते. नवी फिल्म ऑनलाइन तुकड्यांनी मिळते, 'लिनियर' प्रकारची मागवा.

जुनी काढताना कोपऱ्यातून प्लास्टिकच्या कार्डाने उचला, आणि काचेला अगदी आडवे धरून हळूहळू सोलत जा. काच जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. माझा पहिला गेम इथेच गेला: घाई झाली, कोपरा चटकन उचलायला गेलो आणि बारीक 'कच्' असा आवाज आला. तो आवाज अजून ऐकू येतो. मागे राहिलेल्या गोंदावर आयसोप्रोपिल लावून पाच-दहा मिनिटे सोडा, मग पुसा. नेलपॉलिश काढायचे द्रावण नको. रंगीत चित्र छापलेल्या थरालाही अल्कोहोल नको, रंग उतरतो.

आता कोन. फिल्म कापण्याआधी गेम चालू ठेवून ती नुसती काचेवर धरा आणि गोल फिरवा. एका स्थितीत फिक्या जमिनीवर काळ्या आकृत्या दिसतील, तिथून काटकोनात फिरवली की काळ्या जमिनीवर फिक्या. हवी ती स्थिती मिळाली की कडेला पेनाने खूण करा आणि मगच कापा. बहुतेक यंत्रांत हा कोन पंचेचाळीस अंशांचा येतो, म्हणजे तुकडा तिरका कापावा लागतो आणि फिल्म बरीच वाया जाते. मोठा तुकडा मागवा.

मागची फिल्म गेली असेल तर तिच्या पाठीला चांदीसारखा परावर्तक थर असतो हे ध्यानात ठेवा. साधी फिल्म लावलीत तर मागे पांढरा कागद किंवा रुपेरी पत्रक द्यावे लागते, नाहीतर स्क्रीन अंधारी.

स्क्रीनवर शाई सांडल्यासारखा काळा डाग आहे.

काच तडकली आहे किंवा तिची सीलबंद कड सुटली आहे. यावर उपाय नाही. तसाच दुसरा मेलेला गेम शोधा आणि त्याची काच काढा. डाग कोपऱ्यात असेल तर राहू द्या की.

बटण दाबून दाबून अंगठा दुखतो, तरी लागत नाही.

टीव्हीच्या रिमोटचेच दुखणे. रबरी टोपीच्या पोटात कार्बनची गोळी असते, ती दाबली की सर्किटवरच्या दोन वाटा जोडते. तिच्यावर घाम आणि धूळ बसते. काडीने हलकेच पुसा, चोळू नका, नाहीतर कार्बनच निघून येईल. सर्किटवरचे ठसे सोनेरी असतील तर अल्कोहोलने स्वच्छ करा. काळे असतील तर तेही कार्बनचेच, त्यांना रबर लावायचे नाही. पेन्सिलीचे शिसे घासायची युक्ती चालते, पण पंधरा दिवस. रिमोटसाठी कार्बनच्या चिकटवायच्या चकत्या मिळतात, त्या टिकतात.

खेळ चालतो, आवाज नाही.

नाण्यासारखी पातळ चकती शोधा, तोच स्पीकर. तार सुटली असेल किंवा तिला टेकणारी स्प्रिंग गंजली असेल. तार जोडताना सोल्डर झटकन लावा, चकती तापली की तिच्यावरचा थर सुटतो.

सगळ्या आकृत्या एकदम दिसतात आणि काहीच हलत नाही.

आधी 'एसीएल' (सगळे पुसून नव्याने सुरू करायचे बटण) लिहिलेले बारीक भोक शोधून टूथपिकने दाबा. निम्मे गेम इथेच जागे होतात आणि लोक मला उगाच श्रेय देतात.

नाही झाला तर स्फटिकाचा संशय घ्या. घड्याळ असलेल्या या गेममध्ये क्वार्ट्झ घड्याळातलाच स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा उगाच नाही: त्याला पंधरा वेळा निम्मे करत गेले की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. गेम याच ठोक्यावर नाचतो. बारीक रुपेरी नळीसारखा दिसतो, गेम पडला की तो आतून तुटतो. बदलायला सोपा, दोन पाय. तुमच्या बाजारातल्या घड्याळजीकडे मेलेल्या घड्याळांची डबी असते, तिच्यात तो सापडेल. डाखणी, म्हणजे सोल्डर लावायची इस्त्री, पंचवीस वॅटची पुरे.

ब्रिक गेममध्ये मात्र चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली असते. तो थेंब मेला की कुणी काही करू शकत नाही.

गेम बॉयच्या स्क्रीनवर उभ्या रेषा गायब आहेत.

पडद्याच्या खालच्या कडेला रिबनची चिकटपट्टी काचेपासून सुटते. उघडून त्या चिकटवलेल्या जागेवरून, कमी तापमानावर ठेवलेली डाखणी हळूच आडवी फिरवतात. उष्णतेने गोंद परत धरतो. गेम चालू ठेवूनच करा म्हणजे रेषा एकेक करून परत येताना दिसतात, आणि तो क्षण खरोखर बघण्यासारखा असतो. एकाच जागी थांबलात तर रिबन वितळते. आडव्या रेषा गेल्या असतील तर काम फार अवघड, सोडून द्या.

लाल दिवा मिणमिणतो, मध्येच बंद पडतो, असे असेल तर आधी चालू-बंदचे बटण बघा. आत काळपटपणा येतो. अल्कोहोलचा थेंब सोडून वीस-तीस वेळा मागेपुढे करा.

जुन्या काडतुसात खेळाची नोंद राहत नसेल तर आतला छोटा लिथियम सेल संपलाय. बदलता येतो, पण बदलताना जुनी नोंद जाते. तिच्यावर जीव असेल तर आधी विचार करा.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे दिला तर चालेल?

त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक, चांगली डाखणी, आयसोप्रोपिल सगळे असते, हातही स्थिर असतो. पण त्याची सवय गरम हवेची. माझ्या ओळखीच्या एकाचा गेम एका दुकानातून परत आला तेव्हा मधले प्लास्टिक पापडासारखे वर आले होते. दुकानदाराची चूक म्हणवत नाही, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. देताना स्पष्ट बोला: "दादा, गरम हवा मारायची नाही, काच काढायची नाही, फक्त ही तार जोडून द्या." काम जितके नेमके सांगाल तितके बरे.

गंज काढायचे तेल, पेट्रोल, तांदळाचा डबा?

तेलाचा फवारा बिजागरीसाठी, सर्किटवर धूळ धरून ठेवतो. पेट्रोलने प्लास्टिक तडकते. तांदूळ जेवायचा.

पिवळे पडलेले प्लास्टिक पांढरे करता येते ना?

येते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. पार्लरच्या सामानात मिळणारी केसांची डेव्हलपर क्रीम फासून, प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवतात. गोव्याच्या एप्रिलमधल्या उन्हात काही तासांत फरक दिसतो. पण क्रीम वाळली तर ढगांसारखे डाग उमटतात आणि ते जात नाहीत, प्लास्टिक आणखी ठिसूळ होते, आणि दोन-चार वर्षांत पिवळेपणा बहुधा परतही येतो. मी करत नाही. माझेही केस मी रंगवत नाही.

दुरुस्त झाला. आता पावसाळ्यात कसा ठेवू?

वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात राहतो आपण. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे झेब्राच्या पट्टीचे काय होत असेल? आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर हवेत मीठ. मीठ स्वतः ओल ओढून घेते, म्हणजे खारट धूळ बसलेले सर्किट कोरड्या दिवसातही किंचित ओले असते. माझ्या हरमलच्या साडूंचे दोन गेम मी दुरुस्त करून दिले आणि दोन्ही पुढच्या गणपतीला परत आले. माझ्याकडचे, त्याच वयाचे, समुद्रापासून आत फोंड्यात शाबूत.

म्हणून: सेल काढा. हे सगळ्यात आधी. मग घट्ट झाकणाचा डबा, रबराची कड असलेला, आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारी सिलिका घ्या. ओल प्यायली की रंग बदलतो, ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तासदोनतास ठेवली की पुन्हा कोरडी. नुसती पुडी टाकून झाकण सैल ठेवलेत तर ती सगळ्या घराची ओल प्यायला बसते आणि दोन दिवसांत दमते.

गेम प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळू नका. आत अडकलेली ओल बाहेर जात नाही आणि फिल्मचा आंबट वासही आतच कोंडतो, त्याने कुजणे वाढते. ज्या गेमला तो वास आहे त्याला बाकीच्यांबरोबर एका डब्यात ठेवू नका. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नको.

दोन महिन्यांतून एकदा बाहेर काढून पाच मिनिटे खेळा. बटणे आणि संपर्क झिजण्यापेक्षा न वापरल्याने जास्त बिघडतात, असा माझा अनुभव.

चवथीला घर मुलांनी भरणार. त्यांना खेळायला देऊ?

द्या, पण सेलच्या झाकणाला चिकटपट्टी मारून, आणि तुमच्या समोर. जुन्या गेमची झाकणे बोटाने सरकवून उघडतात, स्क्रू नसतो. लहान मुलाने बटन सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो. संशय जरी आला तरी उलटी करवू नका, थांबून बघू नका, थेट इस्पितळ गाठा. वापरलेले सेलही मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नका; मेलेल्या सेलातही इजा करण्याइतका जोर असतो. ते डबीत साठवून ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नको.

लांडग्याच्या गेममध्ये १००० गुण झाले की कार्टून दिसते, हे खरे का?

सोव्हिएत काळात तिथल्या पोरांमध्ये ही अफवा घट्ट होती. तो गेम घेतला तेव्हा विकणाऱ्या रशियन बाईनेही मला गंभीरपणे तेच सांगितले. गुण मोजायला तीनच आकडे आहेत. २०० आणि ५०० ला तुमच्या चुका पुसल्या जातात, त्यामुळे कुणी चिकाटीचा असेल तर पोचतो.

गेल्या चवथीला माझी भाची पोचली. रात्री साडेदहाला वीज गेली. या स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून तिचा भाऊ मेणबत्ती धरून उभा राहिला, आणि आम्ही सगळे, जेवलेली भांडी तशीच टाकून, भोवती. ९९७, ९९८, ९९९. मग ०. लांडगा तसाच टोपली घेऊन उभा, अंडी पुन्हा सावकाश घरंगळायला लागली. भाच्याने मेणबत्ती खाली ठेवली आणि म्हणाला, आता माझी पाळी.